काशीनाथ नकलनवीस, भाग तिसरा

कृष्णनगर
१८ ऑक्टोबर १९८६

चि. तोषूस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

धाकट्याने विजयादशमीचा प्रणाम धाडायचा आणि मग थोरल्याने आशीर्वाद द्यायचा, असा आपल्याकडचा रिवाज. पण तुझ्या प्रणामाची वाट पाहत बसले तर कालीपूजा उजाडेल, म्हणून यंदाही आशीर्वाद आगाऊ पाठवते आहे. देवी काल-परवाच बोळवल्यासारखी वाटते. मंडप रिकामा झाला की शाळेला सुट्टी लागल्यावर वर्ग दिसायचा तसा दिसतो. बत्तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे मला उपमासुद्धा शाळेच्याच सुचतात.

पार्सलात नारळाचे लाडू आहेत आणि एक पुस्तक आहे. लाडू आधी संपव. पुस्तक उघडलंस तर त्यांना मुंग्या लागतील.

वाचनालयात नव्या पुस्तकांच्या फळीवर हे मिळालं. मुखपृष्ठ भयंकर आहे, ते मनावर घेऊ नकोस. ‘काशीनाथ नकलनवीस, भाग पहिला’. लेखक कुणी ल. रक्षित, नाव कधी ऐकलेलं नाही. दोनशे वर्षांपूर्वीचं कासिमबाजार, परदेशी व्यापाऱ्यांच्या रेशमाच्या कोठ्या, आणि काजीच्या कचेरीत कागदांच्या नकला करणारा हा काशीनाथ. नजर अधू, कागद नाकाला लावून वाचतो. अक्षर पाहून माणूस ओळखतो, पण काल काय वाचलं ते आज विसरतो. घरात त्याची विधवा पिशी, म्हणजे आत्या, बिंदुबासिनी. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण एकदा कानावर पडलेलं जन्मात विसरत नाही. दोघांचं मिळून एक डोकं होतं. पहिल्याच प्रकरणात रेशमाचा पारखी कोठीघाटाच्या पायरीवर मरून पडलेला सापडतो आणि त्याच्या मुठीत रेशमाऐवजी ताग असतो.

वाचनालयाची प्रत परत केली आणि मग राहवेना, म्हणून ही स्वतःची मागवली. जन्मभर तू कोर्टाचं दप्तर सांभाळलंस, तेव्हा तुझं मत हवं. खुनी कोण ते शेवटचं पान न उघडता सांग.

गुडघ्याला तेल लावत जा. माया होती तशीच आहे, हे वेगळं सांगायला नको.

तुझी दीदी

●

हरिनाथगंज
३ नोव्हेंबर १९८६

ती. दीदीस साष्टांग प्रणाम, वि. वि.

प्रणाम उशिरा पोचतोय, पण साष्टांग आहे. या गुडघ्यांनी साष्टांग म्हणजे काय, ते तूच समजून घे.

पुस्तक वाचलं. तीन चुका आहेत. एक, काशीनाथ बटाट्याची भाजी खातो. त्या काळी आपल्याकडच्या सामान्य घरात बटाटा कुठून येणार? दोन, तो लोखंडी टाकाने लिहितो. बोरू पाहिजे. तीन, भर चैत्रात भागीरथीतून मालाने भरलेल्या होड्या चालल्या आहेत. चैत्रात आमच्या घाटासमोर म्हशी चालत पलीकडे जातात, आणि त्याही लेखकाइतक्या निर्धास्त नसतात.

आता उरलेलं सांगतो. सकाळी चहा घेऊन बसलो होतो, तो चहा दुपारी सांडून टाकला. जेवणाच्या डब्याला हात लावला नाही. खुनी नावाडी असणार हे मी सहाव्या प्रकरणात ठरवलं, नवव्यात नावाडीच मेला. पिशी ज्या वेळी म्हणते की त्या माणसाने तीनदा तीच गोष्ट सांगितली आणि तिन्ही वेळा तेच शब्द वापरले, खरं आठवणारा माणूस शब्द बदलतो, त्या वेळी मी पुस्तक मिटून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. पस्तीस वर्षं साक्षीपुरावे बांधून फळीवर ठेवले, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

दुसरा भाग असेल तर पाठव. नसेल तर लेखकाला घाई कर.

लाडवांना मुंग्या लागल्या. तुझी कृपादृष्टी मात्र सुरक्षित राहो.

तुझा तोषू

●

कृष्णनगर
२२ नोव्हेंबर १९८६

चि. तोषूस अ. उ. आ., वि. वि.

दुसरा भाग सोबत. मी दोन दिवसांत वाचला आणि कुणाशी बोलता येईना म्हणून शेजारच्या मंजूला अर्धी गोष्ट सांगितली. आता ती रोज दुपारी कुंपणाशी येऊन उभी राहते. तेव्हा लवकर वाचून परत कर.

तू ‘लेखकाला घाई कर’ असं लिहितोस. ही बाई आहे. पैज लाव. पुरुषांच्या कादंबरीत भात आपोआप शिजतो आणि पानात येऊन पडतो. इथे तिसऱ्या प्रकरणात भाताची पेज गाळली आहे, ती गाईला घातली आहे, आणि भांडं घासायला राख संपली म्हणून पिशी शेजारी गेली आहे, तिथेच तिला खुनाचा धागा मिळाला. असं पुरुषाला सुचत नाही. मी हरले तर तुला आमची सरभाजा मिठाई, तू हरलास तर मला तुमचा छानाबडा.

त्या तीन चुका स्वतःशी घोळत बसू नकोस. प्रकाशकाच्या पत्त्यावर लिहून टाक. कोर्टात कुणाला चुका दाखवायची सोय नव्हती, आता आहे.

थंडी पडू लागली. मफलर बांधून मगच नदीवर जा. पत्रोत्तराची आणि पैजेची वाट पाहणारी,

दीदी

●

हरिनाथगंज
११ जानेवारी १९८७

ती. दीदीस सा. प्रणाम, वि. वि.

छानाबडा वेगळ्या डब्यातून धाडला आहे. पाक गळला तर टपालखात्याला बोल लाव, मला नको.

लेखकाने उत्तर दिलं. म्हणजे लेखिकेने. नाव लतिका रक्षित, वय चौतीस. मला वाटलं होतं तशी कुणी प्राध्यापक नव्हे. कलकत्त्यात तिच्या वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. शाळा सुटल्यापासून ती तिथे खळ शिजवते, फर्मे शिवते, पुठ्ठे कापते. बांधायला येणाऱ्या जुन्या पोथ्या, दस्तऐवज, कोठ्यांच्या वह्या उघडून वाचायची सवय लागली, आणि त्यातूनच काशीनाथ उभा राहिला. बाईचं नाव छापलं तर कोर्टकचेरीची गोष्ट कुणी खरी मानणार नाही, असं प्रकाशक म्हणाला, म्हणून नुसतं ‘ल.’.

बटाटा पुढच्या आवृत्तीत काढते, त्या जागी केळफूल घालते, असं लिहिलं आहे. टाक काढून बोरू देते. नदीबद्दल मात्र माघार नाही. त्या काळी भागीरथी हल्लीपेक्षा खोल होती, पुरावा हवा तर दुकानात येऊन एक वही पाहा, असं मला बजावलं आहे. वर, आपण कोर्टाच्या महाफेजखान्यात दप्तर सांभाळत होतात तर पुढच्या भागाच्या वेळी चार गोष्टी विचारीन, असंही आहे. मी विरघळलो. चार पानी उत्तर लिहिलं.

तिसरा भाग पुस्तकमेळ्यात येतोय. या वेळी आधी तू वाच आणि मग मला धाड. हरलेल्याचा तो दंड समज.

लोभाला पाक लागलेलाच आहे, तो तसाच चिकटून राहो.

तोषू

●

कृष्णनगर
३ मार्च १९८७

चि. तोषूस अ. उ. आ.

तिसरा भाग पाठवते आहे. कचेरीतून एक सनद नाहीशी होते आणि तिचा सांभाळ करणाऱ्या कारकुनावर आळ येतो, अशी गोष्ट आहे. याहून जास्त मी काही लिहीत नाही. अकरावं प्रकरण बसून वाच, आणि वाचून झालं की कळव.

प्रकृती बरी आहे.

दीदी

●

हरिनाथगंज
२९ मार्च १९८७

ती. दीदीस सा. प्रणाम, वि. वि.

अकरावं प्रकरण वाचलं. मग पुन्हा वाचलं. पत्राला तीन आठवडे लागले, कारण काही काम करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालची गोष्ट तुला लोकांकडून कळली, माझ्याकडून कधीच नाही. आज एकदा लिहून टाकतो. क्षीरोदा नावाच्या, एका विणकराच्या विधवेची घरजागा व्यापारी साहाबाबूंना गोदामासाठी हवी होती. दावा लागला. जमीनदाराने तिच्या सासऱ्याला लिहून दिलेला जुना पट्टा हा तिचा एकमेव पुरावा. त्याची नकल कुठेच नव्हती. पट्टा कोर्टात दाखल झाला आणि माझ्या ताब्यात आला. श्रावणात निकालाच्या आदल्या आठवड्यात तो दप्तरात नव्हता. साहाबाबूंचे वकील होते आपले जामाईबाबू, तुझे यजमान; तेव्हा तुम्ही इथेच राहत होता. गावाला हिशेब जुळवायला वेळ लागला नाही: मेहुण्याने मेहुण्याला कागद दिला. मी नऊ महिने निलंबित होतो. पुरावा नव्हता म्हणून परत घेतलं, पण वर कधी चढवलं नाही. बहरमपूरला ठरलेलं लग्न मोडलं. क्षीरोदाची जागा गेली. हे सगळं तुला माहीत आहे.

आता पुस्तकातलं. काशीनाथला सनद चोरापाशी सापडत नाही, कारण चोरच नसतो. पावसात दप्तर भिजलेलं असतं, जुने कागद एकमेकांना चिकटलेले असतात, आणि बांधणी करणारा निरक्षर माणूस रद्दीचे थर खळीने एकावर एक चिकटवून पुठ्ठा बनवतो. जुना हातकागद मजबूत म्हणून त्याला तो आवडतो. सनद एका जाड वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात जाऊन बसते. पिशीला आठवतं की त्या आठवड्यात खळीसाठी घरोघर तांदळाची पेज मागायला माणूस आला होता.

दीदी, अठ्ठावन्नच्या श्रावणात आमच्या महाफेजखान्याचं छप्पर गळलं होतं. आणि त्याच पंधरवड्यात अनुक्रमणिकेच्या वह्या बांधायला माणूस आला होता. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. एकोणतीस वर्षं त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

मी लतिकाला विचारलं की ही गोष्ट तिने कुठून घेतली. ती म्हणते, कुठून घ्यायची? आमच्या दुकानात जुना पुठ्ठा फोडला की काहीतरी निघतंच, लग्नपत्रिका निघतात, कुंडल्या निघतात, एकदा मृत्युपत्र निघालं.

गेल्या सोमवारी कोर्टात गेलो. आता महाफेज आहे तो सुबिमल माझ्या हाताखाली शिकलेला. त्याने चहा दिला, पण त्या वह्या फोडायला न्यायाधीशांची परवानगी लागेल म्हणाला. अर्ज दिला आहे. त्या साली बांधलेल्या वह्या सात आहेत.

आशीर्वाद दे. तो कशासाठी ते मलाही नीट सांगता येत नाही.

तोषू

●

हरिनाथगंज
१० मे १९८७

ती. दीदीस सा. प्रणाम, वि. वि.

नववर्ष येऊन गेलं तरी तुझं उत्तर आलं नाही. तुझी तब्येत ठीक असल्याचं मंजूच्या पत्त्यावर कार्ड टाकून विचारून घेतलं, म्हणून थांबलो.

परवानगी मिळाली. लतिका स्वतः आली. हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका, कागद फाटेल, असं तिने तारेने कळवलं होतं. बुटकी, चष्मेवाली, बोटांना खळीचे पापुद्रे. सुबिमल, एक शिरस्तेदार आणि मी टेबलाभोवती उभे. तिने कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पुठ्ठ्यावर ठेवलं आणि आम्हाला सांगितलं की घड्याळाकडे बघू नका. पहिल्या तीन वह्यांतून रद्दी निघाली. चौथीच्या मागच्या पुठ्ठ्यात, खालून तिसऱ्या थरात, तपकिरी हातकागद दिसला. तिने पातळ सुरीने कड सोडवली. शिक्क्याचा अर्धा भाग वर आला, तेव्हा मी तिला थांबायला सांगितलं आणि खुर्चीत बसलो. मग तिने उरलेला सोडवला. एक कोपरा गेला आहे. नाव, हद्द, साल, अंगठा, सगळं वाचता येतं.

न्यायाधीशांनी शेरा लिहिला, की कागद कुणी नेला नव्हता, बांधणीत गेला होता. मी निवृत्त आहे, तेव्हा त्या शेऱ्याने माझं काही बदलत नाही. त्याची नकल मात्र मागून घेतली.

पट्ट्याचीही नकल घेतली आणि क्षीरोदाला शोधत गेलो. ती वारून अकरा वर्षं झाली. मुलगी कमला स्टेशनापलीकडे राहते, गामछे, म्हणजे पंचे, विणते. मी सगळं सांगितलं. दावा आता मुदतीबाहेर गेला आहे, जागा परत मिळायची नाही, हेही सांगितलं. तिने माग थांबवला आणि मला वाचता येत नाही, तुम्ही वाचा, म्हणाली. मी वाचलं. तिच्या आजोबांचं नाव त्यात पूर्ण आहे, गावासकट. ती ऐकत होती. मग म्हणाली, “नावापासून परत वाचा.” मी तीनदा वाचलं. तिने माझ्यापुढे चुरमुऱ्यांची वाटी ठेवली आणि माग पुन्हा सुरू केला.

यापेक्षा जास्त काही घडलं नाही. तुझं मौन मात्र मला वाचता येत नाही. दोन ओळी लिहिशील तर मोठा लोभ समजेन.

तोषू

●

कृष्णनगर
१९ मे १९८७

चि. तोषूस अ. उ. आ., वि. वि.

दोन ओळींत मावणार नाही.

तिसरा भाग वाचून मला आनंद झाला नव्हता, भीती वाटली होती. म्हणून उत्तर दिलं नाही. पुठ्ठ्यात कागद निघाला नसता, तर मला पुन्हा तिथेच जाऊन बसावं लागलं असतं, जिथे मी एकोणतीस वर्षं बसले आहे.

तू नाहीतर हे, तुम्हा दोघांपैकी एकाने ते केलं असं मी धरून चालले होते. त्या श्रावणात एका संध्याकाळी तू घरी आलास, यांच्या हातात एक लिफाफा दिलास आणि चहा न घेता गेलास. पुढच्या आठवड्यात बोभाटा झाला. मी मनात म्हटलं, तोच तो. माझ्या संसाराचं भलं व्हावं म्हणून माझ्या भावाने एका विधवेचं घर दिलं. कधी वाटायचं, यांनीच तुला भरीस घातलं असेल. दोन्ही बाजूंनी माझंच माणूस होतं. म्हणून मी तुला विचारलं नाही आणि यांनाही विचारलं नाही. विचारलं असतं आणि कुणी हो म्हटलं असतं, तर मी कुठे गेले असते?

यांच्याबरोबर पुढे चोवीस वर्षं संसार केला. वाईट झाला नाही. पण पानात भात वाढताना एकदा तरी तो लिफाफा डोळ्यांपुढून जायचा. तू आमच्या घरी यायचं बंद केलंस. हे दर जामाईषष्ठीला, म्हणजे जावयाच्या मानाच्या दिवशी, माशाचं मुंडकं बाजूला काढून ठेवायला सांगत, तोषू आला तर म्हणून. संध्याकाळी ते मांजराला जायचं. एकदा मला म्हणाले, “तोषूला माझा एवढा राग कशाचा, तुला काही माहीत आहे का?” मी नाही म्हटलं. मला वाटलं, नाटक करताहेत.

मुलींना बत्तीस वर्षं शिकवलं, की शंका आली तर हात वर करावा.

तुला क्षमा मागावी तर मी थोरली आहे, आणि यांच्याकडे मागायची सोय राहिलेली नाही. तू रागावलास तरी पत्र टाकायचं बंद करू नकोस, एवढंच मागते.

तुझी दीदी

●

हरिनाथगंज
२६ मे १९८७

ती. दीदीस साष्टांग प्रणाम, वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मी रागावलेलो नाही. मला तो अधिकार नाही, कारण मीही काही लपवलं होतं.

लिफाफ्यात काय होतं ते मला आठवत नाही. खरंच नाही. नाट्यमंडळाची वर्गणीची पावती असेल, नाहीतर होमिओपॅथीच्या पुड्या असतील. मी त्या काळात जामाईबाबूंना दोन्ही नेऊन देत असे.

आता माझं ऐक. पट्टा नाहीसा व्हायच्या दोन दिवस आधी जामाईबाबू ते दप्तर पाहायला महाफेजखान्यात आले होते. वकिलाला दप्तर पाहता येतं, पण कारकुनाने शेजारून हलायचं नाही असा नियम. ते घामाघूम झाले होते. मी त्यांच्यासाठी शहाळं आणायला बाहेर गेलो. परतलो तेव्हा ते दप्तर बांधून ठेवत होते. पुढे चौकशीत मला विचारलं, तुमच्या पाठीमागे दप्तर कुणाच्या हाती होतं का? मी नाही म्हणून सांगितलं. हो म्हटलं असतं तर त्यांची वकिलीची सनद गेली असती, आणि तू आणि तुझा संसार रस्त्यावर आला असता. मी ते तुझ्यासाठी केलं असं स्वतःला सांगत आलो, आणि त्यांना मनातल्या मनात चोर ठरवून मोकळा झालो. तुमच्या घरी येणं त्यासाठीच सोडलं. त्यांच्या पंगतीला बसून घास गिळता आला नसता. गुडघे हे नंतरचं निमित्त.

ते गेले तेव्हाही मी आलो नाही. तार मिळाली होती, मोटार चुकली असं तुला लिहिलं होतं. मोटार चुकली नव्हती.

तू माझ्यावर संशय घेतलास, मी त्यांच्यावर घेतला. दोघांनीही मायेपोटीच तोंड मिटून ठेवलं. घरात एकच माणूस असा होता की ज्याने कुणावरच संशय घेतला नाही. तो मुंडकं काढून ठेवत होता आणि आपलं काय चुकलं ते विचारत होता. आपण त्याला उत्तर दिलं नाही.

त्यांची तिथी ज्येष्ठात असते हे मला ठाऊक आहे, तू दरवर्षी लिहितेस. या वेळी मी आदल्या दिवशी पोचतो. पुरोहिताला सांगून ठेव, की एक पिंड मेहुण्याच्या हातून द्यायचा आहे. शास्त्रात बसत नसेल तर मी बाहेर अंगणात उभा राहीन. न्यायाधीशांच्या शेऱ्याची नकल बरोबर आणतो आहे. तिच्यात ‘कुणी नेला नव्हता’ असे शब्द आहेत. ते मला त्यांच्या तसबिरीसमोर मोठ्याने वाचायचे आहेत, आणि तू शेजारी उभी असलेली हवीस.

पूर्वी होती तेवढी माया मागत नाही, उरली असेल तेवढी असू दे.

तुझा
तोषू